चर्च, बोर्डिंग, आश्रम: मुलांच्या आणि परावलंबी मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी नक्की काय काय करायचं?

वडगावशेरीची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आमच्या पॅरिश काउन्सिलच्या (म्हणजे चर्चचं कामकाज बघणाऱ्या समितीच्या) मागच्या मीटिंगला फादरांनी विषय काढला की बालसुरक्षेची पॉलिसी आपल्याकडे आहे, पण ती इंग्रजीत आहे, फाइलला लागलीय आणि कुणी वाचलेली दिसत नाही. तर ती आपल्या लोकांना कळेल अशी मराठीत करायची आणि मुख्य म्हणजे अमलात आणायची. त्यासाठी छोटी कमिटी केली, त्यात मी आहे. मी शिक्षिका नाही, वकील नाही, दोन मुलांची आई आहे आणि रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते एवढंच.

आमच्या कंपाउंडात काय काय येतं ते सांगते म्हणजे अंदाज येईल. चर्च, रविवारचा वर्ग, वेदीसेवक मुलं, मे महिन्यातलं शिबिर. शेजारी सिस्टरांचं मुलींचं बोर्डिंग, त्यात बहुतेक मुली श्रीरामपूर, राहुरी, संगमनेरकडच्या, काहींचे आईबाप ऊसतोडीला जातात तर काहींचे इथे पुण्यातच बांधकामावर. आणि मागच्या बाजूला सिस्टरांनीच चालवलेलं एक घर आहे, तिथे बेवारस म्हाताऱ्या आणि काही बौद्धिक अपंगत्व असलेल्या बायका राहतात.

आता अडचण. मीटिंगमध्ये प्रश्न आला की उद्या एखाद्या मुलीने येऊन सांगितलं की अमक्याने माझ्याशी घाण केलं, तर पहिलं कुणाला सांगायचं? बहुतेकांचं म्हणणं, आधी फादरांना, फादर बिशपांना कळवतील, चौकशी होईल आणि खरं निघालं तर पुढे पोलीस. एकच बाई म्हणाल्या की नाही, थेट पोलीस. तिथेच गाडं अडलं.

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. बोर्डिंगला तक्रारपेटी आहे. कुठे, तर सुपिरिअरच्या (तिथल्या मुख्य सिस्टरांच्या) ऑफिसच्या दाराशेजारी. वर कॅमेरा. किल्ली सुपिरिअरच्या ड्रॉवरमध्ये. आणि चिठ्ठी टाकायची फट इतकी वर आहे की पाचवीतल्या मुलीचा हात पोचत नाही, तिला स्टूल आणावं लागेल. सिस्टर चांगल्या आहेत, मनाने खरंच चांगल्या आहेत, त्यांच्या डोक्यात हे आलंच नाही. पण ती पेटी उघडली की नेहमी रिकामी असते आणि त्यावरून आपण म्हणतो की आमच्याकडे तक्रारी नाहीत!

जाणकारांनी मदत करा. मुलांबरोबर त्या मागच्या घरातल्या बायकांचंही सांगा, त्यांच्याबद्दल मीटिंगमध्ये कुणी अक्षर काढलं नाही.

---

काळाकोट

ताई, पहिल्या प्रश्नावर मीटिंगमध्ये मत घ्यायचंच नाही, ते कायद्याने ठरलेलं आहे. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ म्हणतं की मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती जरी वाटली, तरी त्या माणसाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. 'त्या माणसाने' म्हणजे कुणीही, तुम्ही, शिपाई, सिस्टर, फादर. आधी खात्री करा, चौकशी करा असं त्यात कुठेही नाही. चौकशी पोलिसांचं काम.

न कळवल्यास कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाने केलेलं त्याने कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र केस होत नाही, तेही कलम १९ मध्येच लिहिलंय. ही ओळ पॉलिसीत ठळक टाका कारण लोक नेमके ह्यालाच घाबरतात.

आणि हे कागदावरच राहतं असं समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या शाळेच्या होस्टेलमधल्या आदिवासी मुलींची केस आठवत असेल. त्यात मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही म्हणून गुन्हा नोंदला होता, हायकोर्टाने तो रद्द केला, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा तो आदेश फिरवला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं स्पष्ट म्हटलं.

अजून एक, पोक्सोत मुलगा-मुलगी भेद नाही, १८ च्या आतलं कुणीही. आणि शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेच्या माणसाने तिथल्याच मुलावर केलं तर गुन्हा जास्त गंभीर धरतात, शिक्षाही जास्त.

---

खडकीवाला

मी ज्येष्ठ नागरिक आहे, उभं आयुष्य चर्चच्या सेवेत गेलं, त्यामुळे माझं म्हणणं जुन्या वळणाचं वाटेल पण मनापासून लिहितो. मुलांचं रक्षण झालंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण काळाकोट साहेब, तुम्ही म्हणता तसं कुणीही उठून पोलिसात गेलं तर एखाद्या निरपराध फादरचं आयुष्य उद्ध्वस्त होईल त्याचं काय? ४० वर्षं सेवा केलेला माणूस एका दिवसात पेपरात. शिवाय सध्याचे दिवस बघा. होस्टेल म्हटलं की धर्मांतराचा आरोप, मोर्चे, तपासण्या. आपणच पोलिसांना कंपाउंडात बोलावलं तर ज्यांना निमित्त हवंय त्यांना आयतं मिळेल. आपल्या घरातलं आधी आपण बघावं, बिशप आपले वडील आहेत, त्यांना आधी कळू द्यावं, असं मला वाटतं.

---

काळाकोट

काका, तुमची भीती खोटी नाही, मी स्वतः अशा तपासण्यांच्या वेळी संस्थांच्या बाजूने उभा राहिलोय. पण म्हणूनच सांगतो. कळवणं म्हणजे दोषी ठरवणं नव्हे. मुद्दाम बदनामीसाठी खोटी तक्रार केली तर त्याला कलम २२ आहे (ते मुलांना लागू होत नाही, मोठ्यांना होतं). फादर निरपराध असतील तर पोलीस तपासात आणि कोर्टात सुटलेला माणूस ताठ मानेने फिरतो. आतल्या आत मिटवलेल्या प्रकरणातून सुटलेल्या माणसावर शंका जन्मभर राहते.

आणि ज्यांना निमित्त हवंय त्यांना सगळ्यात मोठं निमित्त काय मिळतं माहितीये? 'ह्यांना माहीत होतं आणि ह्यांनी लपवलं.' तेव्हा आपले कागद चोख ठेवणं हाच बचाव. अनाथ, निराधार मुलं ठेवत असाल तर बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी हवीच, सरकारी ग्रँट घ्या नाहीतर नका घेऊ. मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचं पोलीस व्हेरिफिकेशन २०२० च्या पोक्सो नियमांत आहे. प्रत्येक म्हणजे स्वयंपाकी, वॉचमन, व्हॅनचा ड्रायव्हर, गिटार शिकवायला येणारा मुलगा, आणि हो, ब्रदर आणि सिस्टरसुद्धा.

बिशपांना कळवू नका असं कुणीच म्हणत नाही. पोलिसांना कळवा आणि त्यांनाही कळवा. त्यांना कळेपर्यंत पोलीस थांबवून ठेवायचे नाहीत एवढंच.

---

साधीसिस्टर

खडकीवाले काका, मी एका संस्थेची धर्मभगिनी आहे, जास्त ओळख देत नाही. तुम्ही म्हणताय तसंच आम्हालाही शिकवलं होतं, घरातलं घरात. पण आता चर्चचाच नियम तसा राहिलेला नाही हे पॅरिशमध्ये कुणी सांगतच नाही. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये 'व्होस एस्तिस लुक्स मुंदी' हे अशा तक्रारींबद्दलचं फर्मान काढलं आणि मार्च २०२३ मध्ये सुधारून कायम केलं. त्यात प्रत्येक धर्मगुरूवर आणि आम्हा व्रतस्थांवर बंधन आहे, कळलं की चर्चच्या अधिकाऱ्यांना विनाविलंब कळवायचं. तक्रार केली म्हणून कुणाला त्रास द्यायचा नाही, आणि तक्रार करणाऱ्याला 'गप्प बस' असं बंधन घालायचं नाही. आणि देशाच्या कायद्याने जिथे कळवणं सक्तीचं असेल तिथे तो कायदा आहे तसाच लागू, चर्चच्या नियमाने तो बाजूला होत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये तर अशा प्रकरणांवरची पोपच्या पातळीवरची गुप्तताही उठवली. फेब्रुवारी २०१९ ला रोममध्ये जगभरच्या बिशपांची ह्याच विषयावर सभा झाली तेव्हा आयोजकांमध्ये आपल्या मुंबईचे कार्डिनल ऑसवल्ड ग्रेशियस होते, म्हणजे हे परदेशातलं काहीतरी आहे असंही नाही.

मागच्या घरातल्या बायकांबद्दल मला बरंच लिहायचंय, उद्या लिहीन.

---

राहुरीकर

वाचत होतो, लिहू की नको असं चाललं होतं. मी बोर्डिंगात वाढलो. कुठल्या ते लिहीत नाही. आईबाप मजूर, बोर्डिंग नसतं तर मी आज कंपनीत सुपरवायझर नसतो, एवढं आधी लिहितो कारण पुढचं वाचून कुणाला वाटू नये की मी चर्चच्या विरोधात आहे, मी आजही दरवर्षी हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जातो.

आमच्याकडे एक वॉर्डन होते. रात्री पाय दाबायला पोरांना खोलीत बोलवायचे. कोण जाणार हे तेच ठरवायचे आणि ठरलेली दोनचार पोरं असायची, बारीक, ज्यांच्या घरून कुणी येत नाही अशी. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना. मोठ्या पोरांना माहीत होतं, स्वयंपाकाच्या मावशीला माहीत होतं. मावशी एकदा बोलल्या तर त्यांनाच कामावरून काढलं. मग कुणाच्या तरी बापाने येऊन आरडाओरडा केला आणि वॉर्डनची बदली झाली. बदली कुठे तर दुसऱ्या बोर्डिंगला. तिकडेही पोरंच होती ना. हे मला तेव्हा कळलं नाही, नोकरीला लागल्यावर एक दिवस बसमध्ये एकदम डोक्यात आलं आणि अंगाला घाम फुटला.

रविवारी आई यायची, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन, लिंबाखाली बसायचो. पण शेजारी कुणीतरी ब्रदर नाहीतर सिनियर पोरगा असायचाच, पालकांशी बोलताना. मुद्दाम असेल किंवा नसेल. आई विचारायची बरा आहेस ना, मी म्हणायचो बरा आहे. बोलायचं होतं ते कधीच बोललो नाही.

तेव्हा ताई, तुमच्या कागदात हे टाका. पोरांना आईबापाशी एकट्याने बोलता आलं पाहिजे, जवळ कुणी नको. फोनपण एकट्याने. आणि ज्याच्यावर तक्रार आहे त्याला नुसतं हलवायचं नाही.

---

समुपदेशक_पुणे

राहुरीकर दादा, तुम्ही लिहिलंत ह्याचं मोल फार आहे. बोलावंसं वाटलं तर व्यनि (खाजगी निरोप) करा, घाई नाही.

मी मुलांबरोबर काम करते. तुम्ही सांगितलेली निवड, म्हणजे ज्याच्या घरून कुणी येत नाही तो मुलगा, ही योगायोगाची नसते. त्रास देणारा माणूस बरोबर तेच हेरतो. म्हणून बोर्डिंगमध्ये कुठल्या मुलीला भेटायला महिनोन्महिने कुणी आलं नाही ह्याची नोंद ठेवा आणि त्या मुलींसाठी बाहेरची एक ठरलेली बाई असू द्या, जी दर महिन्याला येईल, बाहेर नेऊन वडापाव खाऊ घालेल, गप्पा मारेल. हे पॉलिसीतल्या दहा पानांपेक्षा जास्त उपयोगी पडेल असं मी अनुभवाने सांगते.

मूल सांगायला आलं तर काय करायचं ते वर्ग घेणाऱ्या सगळ्यांना पाठ हवं. हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका, कारण ते मोडावंच लागणार आहे. त्याऐवजी सांगा की जे मदत करू शकतात त्यांनाच सांगेन. खोदून खोदून विचारू नका, 'तू ओरडली का नाहीस', 'आधी का नाही सांगितलं' हे तर अजिबातच नको. मुलाचे शब्द मुलाच्याच भाषेत लिहून ठेवा, त्यावर तारीख, वेळ आणि सही. आणि मग तीच गोष्ट आधी टीचरसमोर, मग सिस्टरसमोर, मग फादरसमोर, मग कमिटीसमोर असं मुलीला फिरवू नका. प्रत्येक वेळी ती गोष्ट थोडी बदलते आणि कोर्टात नेमकं तेच धरलं जातं. नुकतंच घडलेलं असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, तसेच ठेवा.

पोलिसांची भीती असते म्हणून सांगते, पोक्सोत जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला सब-इन्स्पेक्टरने, युनिफॉर्म न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. १०९८ ह्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी मदत सुरू होते.

आणि कृपा करून नाव, शाळा, फोटो, 'आपल्याच पॅरिशमधली ती' असं काहीही व्हॉट्सॅप ग्रुपवर नको. कलम २३ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. प्रार्थनेच्या ग्रुपवरसुद्धा नको, तिथेच सगळ्यात आधी फुटतं.

---

कोथरूडची_आई

मध्येच विचारते. आम्ही ख्रिश्चन नाही, मुलगी कॉन्व्हेंट शाळेत आहे, शाळा उत्तम आहे. पण हे सगळं शाळेलाही लागू होतं का? की ते वेगळं? पालक म्हणून मी काय विचारू शकते?

---

काळाकोट

लागू होतंच. राज्य सरकारने मार्च २०२२ मध्ये शाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या करायला सांगितलं, आणि बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी ह्याबद्दल पुन्हा आदेश काढले. अल्पसंख्याक शाळा म्हणून पोक्सोतून सूट वगैरे काही नसते. पालक सभेत सरळ विचारा, समितीत कोण आहे, पेटी कोण उघडतं, व्हॅनमध्ये बाई अटेंडंट असते का. विचारल्याने शाळा नाराज होईल असं वाटून गप्प बसू नका.

---

खडकीवाला

राहुरीकरांचं वाचलं. दोनदा वाचलं. बदलीचं जे लिहिलंय ते आमच्या पिढीने डोळ्यांनी बघितलंय, 'फादरांची बदली झाली' एवढंच कानावर यायचं आणि कुणी कारण विचारायचं नाही. पोलिसांना कळवायचं ह्याला माझी आता हरकत नाही.

एक विचारतो, वाद म्हणून नाही. कन्फेशनचं, म्हणजे फादरांसमोर पापांची कबुली देतात त्याचं काय? फादरांना तिथे कळलं तर?

---

साधीसिस्टर

काका, कन्फेशनची गुप्तता धर्मगुरूला मोडता येत नाही, चर्चच्या कायद्यात कॅनन ९८३ आहे. पण समजा मूलच आपल्यावर बेतलेलं कन्फेशनमध्ये बोललं, तर फादर त्याला हळुवार सांगू शकतात की बाळा हे पाप तुझं नाही, तू हे बाहेर मला नाहीतर टीचरना परत सांगशील का, मी तुझ्याबरोबर येतो. गुन्हा केलेला माणूसच आला तर त्याला पोलिसांसमोर हजर व्हायला सांगू शकतात. आणि महत्त्वाचं म्हणजे पुष्कळदा कन्फेशन नसलेलं बोलणंसुद्धा कन्फेशन म्हणून झाकलं जातं. ऑफिसात चहा पिताना सांगितलेलं, सुपिरिअरकडे रडत सांगितलेलं, हे कन्फेशन नाही.

मुलांचं कन्फेशन बंद खोलीत नको एवढं नक्की करा. चर्चमध्येच, सगळ्यांना दिसेल असं, फक्त आवाज जाणार नाही इतक्या अंतरावर.

---

काळाकोट

सिस्टरांचं बरोबर. भर एवढीच की पोक्सोच्या कलम १९ मध्ये धर्मगुरूंसाठी वेगळी सूट लिहिलेली नाही, त्यामुळे हा पेच खरा आहे आणि तो पॅरिश कमिटीने सोडवायचा नाही. तुमच्या पॉलिसीत कन्फेशनच्या बाहेर कळलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल स्पष्ट लिहा, पुष्कळ झालं.

राहुरीकर, पोक्सो २०१२ नंतरच्या गुन्ह्यांना लागतो, पण त्याआधीच्या गोष्टींना तेव्हाचा आयपीसी होता, आणि तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना तक्रारीची मुदत संपत नाही. करा म्हणत नाही, फक्त दार बंद झालंय असं समजू नका.

---

साधीसिस्टर

काल म्हटलं होतं ते लिहिते. उशीर झाला, घरात एक सिस्टर आजारी आहेत.

मुलांबद्दल आता लोक बोलतात तरी. मोठ्यांबद्दल लगेच ऐकायला मिळतं की ती अडाणी होती का, ती नाही म्हणू शकत होती. व्होस एस्तिसमध्ये मुलांबरोबर परावलंबी मोठी माणसंही घेतली आहेत: आजारपणाने, शारीरिक किंवा मानसिक कमतरतेने किंवा स्वातंत्र्य हिरावल्याने ज्याला समजणं, नाही म्हणणं, प्रतिकार करणं कधी कधी जरी शक्य होत नसेल तो. 'कधी कधी जरी' हे लक्षात ठेवा. त्याशिवाय अधिकाराचा गैरवापर करून कुणाला लैंगिक गोष्टीला भाग पाडणं हेही त्यात येतं, तिथे समोरची बाई धडधाकट आणि शिकलेली असली तरी.

मागच्या घरातल्या बायका उघडच ह्यात येतात. त्यांच्याबाबत कुठे बघायचं ते सांगते. अंघोळ कोण घालतं आणि दार कसं असतं. एका घरात मी पाहिलं, बाथरूमला आतून कडी नव्हती कारण 'पडल्या तर दार तोडावं लागेल', बरोबर आहे, पण पडदाही नव्हता, आणि पाण्याची टाकी दुरुस्त करायला येणारा माणूस तिथूनच जायचा. किती वर्षं तसंच चाललं होतं, कुणाला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. पडदा लावायला एक दुपार लागली. औषधं बघा. रात्री शांत झोपावं म्हणून जास्तीची गोळी दिली जाते का, डॉक्टरच्या कागदावर ती आहे का. पेन्शनच्या पासबुकावर अंगठा कोण घेतं ते बघा. आणि एखादी बाई एका ठरावीक माणसाला बघून आक्रसते, जेवत नाही, तर तिला बोलता येत नाही म्हणून ते सोडून द्यायचं नाही, तेच तिचं सांगणं आहे.

आता आमच्याबद्दल. नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे सिस्टर होण्याआधीच्या प्रशिक्षणाला, येणारी मुलगी (नॉव्हिस) १८-१९ वर्षांची, गावाकडची. तिचा मोबाइल नाही, पैसे सुपिरिअरकडे, घरी पत्र-फोन विचारून, आणि आज्ञापालनाचं व्रत घ्यायची तयारी. ते व्रत मी मनापासून पाळते आणि त्यावर माझं प्रेम आहे. पण आज्ञा देणाऱ्याच्या हातात तिचं शिक्षण, बदली, व्रत मिळणार की नाही सगळं असतं, आणि गावात 'कॉन्व्हेंटमधून परत आली' हे ऐकायची तिची तयारी नसते. अशा मुलीला एखाद्या धर्मगुरूने किंवा आमच्यातल्याच वरिष्ठ बाईने त्रास दिला तर ती कागदोपत्री सज्ञान असून उपयोग काय? पोप फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये अबुधाबीहून परतताना विमानात पत्रकारांसमोर मान्य केलं की धर्मगुरूंकडून, बिशपांकडून सुद्धा, धर्मभगिनींवर अत्याचार झालेत. एका सिस्टरने बिशपवर बलात्काराचा आरोप केला तेव्हा त्यांच्या अटकेसाठी केरळच्या सिस्टर २०१८ ला कोचीत उघड्यावर धरण्याला बसल्या ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. त्या खटल्यात बिशप जानेवारी २०२२ मध्ये निर्दोष सुटले, निकालावर मी बोलत नाही. पण बायकांना रस्त्यावर बसायची वेळ आली, आत कुठलं दार वाजवायचं हे त्यांना सापडलं नाही, हे आपल्या सगळ्यांचं दुखणं आहे.

म्हणून प्रत्येक नॉव्हिसला आपल्या संस्थेबाहेरच्या एका बाईचं नाव आणि नंबर दिलेला असावा, ज्यासाठी सुपिरिअरची परवानगी लागणार नाही. आणि आध्यात्मिक मार्गदर्शन करणारा आणि तिच्या व्रताचा निर्णय घेणारा माणूस एकच नसावा. म्हाताऱ्या सिस्टरांचंही असंच, इन्फर्मरीत (आजारी सिस्टरांच्या खोलीत) पडलेल्या सिस्टरला महिन्यातून एकदा तरी बाहेरच्या कुणीतरी एकटीला भेटावं, तिच्या घरच्यांनी नाहीतर दुसऱ्या संस्थेच्या सिस्टरनी.

---

काळाकोट

सिस्टर, हे सगळं प्रिंट काढून ठेवतोय.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम ७, अपंग व्यक्तीवर अत्याचार होतोय असं वाटलं तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन. काम करणाऱ्या बायकांसाठी, म्हणजे शिक्षिका, नर्स, स्वयंपाकाची मावशी, व्हॉलंटियर सुद्धा, २०१३ चा कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळाचा कायदा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती सक्तीची, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. राहुरीकरांच्या मावशी बोलल्या म्हणून कामावरून गेल्या, तसं होऊ नये म्हणून 'तक्रार करणाऱ्याला काढणार नाही' हे नेमणूकपत्रातच लिहा.

---

राहुरीकर

मावशींचं वाचून बरं वाटलं. त्या गेल्या आता.

---

वडगावशेरीची

मंडळी, हात जोडून आभार. काल कमिटीची बैठक झाली, तुमचं सगळं छापून नेलं होतं (नावं आणि आयडी काढून). फादरांनी राहुरीकरांचं मोठ्याने वाचलं आणि मध्ये थांबले, मग बाकीचं मी वाचलं.

ठरलं ते असं. पहिल्या पानावर फक्त एवढंच की कळलं की त्याच दिवशी पोलीस किंवा १०९८, आणि मग फादर आणि बिशप हाउस. कुणाची परवानगी लागणार नाही. ज्याच्यावर तक्रार असेल तो तपास संपेपर्यंत मुलांच्या आणि त्या घरातल्या बायकांच्या जवळ नाही, आणि दुसऱ्या कुठल्या बोर्डिंगलाही जाणार नाही, जिथे जाईल तिथल्या वरिष्ठांना लेखी कळवायचं. ह्या शेवटच्या वाक्यावर तासभर वाद झाला कारण बदली प्रोव्हिन्शियलच्या (धर्मसंस्थेच्या प्रांतप्रमुखांच्या) हातात असते, पॅरिशच्या नाही. तर फादर स्वतः प्रोव्हिन्शियलना आणि बिशपांना पत्र लिहिणार आहेत.

तक्रारपेटी सुपिरिअरच्या दारातून काढली. आता ती मुलींच्या झोपायच्या हॉलच्या जिन्यात आहे, कंबरेएवढ्या उंचीवर, तिथे कॅमेरा नाही. दोन किल्ल्या, एक काउन्सिलमधल्या एका बाईंकडे आणि एक बाहेरच्या समुपदेशकांकडे, दोघी मिळूनच उघडणार. सुपिरिअर सिस्टरांनी स्वतः खिळा ठोकून घेतला, त्यांचं कौतुक वाटलं.

राहून गेलेलं एक. शिबिराला मे महिन्यात ५० च्या वर मुलं नेतो, बसने, दोन रात्री मुक्काम असतो. कॉलेजची मुलंमुली व्हॉलंटियर म्हणून येतात, त्यांतली काही स्वतःच १७ ची. त्यांचं व्हेरिफिकेशन कसं करायचं, आणि रात्री मुलांच्या खोलीत मोठं कुणी झोपायचं की बाहेर? समुपदेशक ताई, तुमच्याकडे शिबिराचा काही नमुना असेल तर टाका ना, रविवारच्या आत मिळाला तर व्हॉलंटियरच्या फॉर्मला जोडता येईल.

---

समुपदेशक_पुणे

आज रात्री टाकते. तोवर एवढं धरून चला: मोठं माणूस मुलांच्या खोलीत झोपत नाही, बाहेर व्हरांड्यात दोघं जण, मुलींच्या बाजूला दोघीही बायकाच, आणि कुठलंच मोठं माणूस एका मुलाबरोबर बंद दाराआड नाही, आजारी पडलं तरी दुसरं कुणीतरी सोबत. १७ ची मुलं ही मुलंच, त्यांना मदतीला घ्या पण जबाबदारी देऊ नका, त्यांच्या पालकांचीही सही घ्या. १८ च्या वरच्यांना पोलीस व्हेरिफिकेशनचा ऑनलाइन अर्ज आत्ताच भरायला लावा, मे मध्ये धावपळ होते. आणि बसमध्ये शेवटच्या सीटवर कोण बसतं ते तुम्ही ठरवा, मुलांवर सोडू नका.